पेंटर, तेवढं सांगा की!

संपादकांनी बजावलंय, या वेळी उत्तरं आटोपशीर लिहा. दहा बाय आठच्या फ्लेक्सवर अख्खी तालीम फोटोसकट बसवणाऱ्या माणसाला हे सांगायला लागू नये, पण असो. पत्रं बरीच आलीत. त्यातलं एक फ्लेक्सच्या रोलवाल्याचं आहे, थकलेल्या बिलाबद्दल. ते मी बाजूला ठेवलंय. बाकीची घेऊ.

आमच्या गल्लीच्या तोंडाला एका 'भावी नगरसेवका'चा फ्लेक्स लागतो. माझी पोरगी आठवीत होती तेव्हापासून बघतोय, ती आता कॉलेजला गेली. माणसानं भावी राहायचं तरी किती? – एक मतदार, मंगळवार पेठ

भावा, त्याचा दोष नाही. आपल्या कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि प्रशासक बसले. मग आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा, असं करत पाच वर्षं गेली. महापालिकेत नगरसेवकच नव्हते म्हटल्यावर बाहेर सगळे भावीच असणार.

तुम्ही म्हणताय तो फ्लेक्स माझ्याच दुकानातला. २०२० च्या दिवाळीला गडी पहिल्यांदा आला तेव्हा स्टुडिओत काढलेला फोटो घेऊन आला होता. केस काळेभोर, मिशी टोकदार. तीन वर्षांनी मी म्हटलं, आता नवीन फोटो द्या. म्हणाला, "नको पेंटर, लोक वळखायचे न्हाईत." खरं होतं त्याचं. फ्लेक्सवरच्या माणसाला सगळी पेठ ओळखत होती. हा स्वतः दुकानासमोरून गेला तर कोण वळूनही बघत नव्हतं.

त्याचा फोटो तसाच राहिला, बदलत गेली ती वरची रांग. वरच्या रांगेत नेते असतात. मोठे मधे, बेताचे कडेला, आणि ज्यानं फ्लेक्सचे पैसे दिलेत तो खाली उजवीकडे हात जोडून. जून २०२२ मध्ये आमदार आधी सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले. त्या आठवड्यात मला आलेले निम्मे फोन एकाच वाक्याचे होते, "पेंटर, छपाई थांबवा." पुढच्या वर्षी २ जुलैला रविवार होता. मी जेवायला बसलो होतो, पानात तांबडा पांढरा होता, आणि टीव्हीवर शपथविधी सुरू झाला. बायको म्हणाली, "फोन बंद करा, नाहीतर रस्सा गार होईल." गार झालाच.

कॉम्प्युटरवर प्रत्येक फोटोचा वेगळा लेअर असतो आणि त्याच्या शेजारी एक बारका डोळा. डोळ्यावर क्लिक केलं की फोटो दिसेनासा होतो, पण फाईलमध्ये राहतो. माझ्याकडं नवीन लागलेल्या पोरानं त्या रविवारी गडबडीत एका नेत्याचा लेअर डिलीट केला. त्याला समोर बसवून सांगितलं, बाळा, पुढाऱ्याचा लेअर डिलीट करायचा नाही. नुसता डोळा मिटायचा. त्या फाईलमध्ये आज अकरा नेते आहेत. उघडे डोळे चौघांचे.

शेवटी निवडणूक लागली आणि आमच्या गड्याला तिकीट मिळालं नाही. दोन दिवस दुकानाकडं फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "'भावी आमदार' करून द्या." अक्षरं कमी झाली, तेवढी माझी शाई वाचली.

दोघं ठाकरे वीस वर्षांनी एका स्टेजवर आले. माझी दोन पोरं बांधावरनं भांडून सात वर्षं एकमेकाशी बोलत नाहीत. काय करू? – एक आज्जी, कागल तालुका

आज्जी, ते चुलतभाऊ, तुमचे सख्खे. सख्ख्यांचं जास्त अवघड. पण ते कसे आले ते बघा. सरकारनं पहिलीपासून तिसरी भाषा आणायचा जीआर काढला. दोघांनी मिळून ५ जुलै २०२५ ला मोर्चा काढायचं ठरवलं. २९ जूनला सरकारनं जीआरच मागं घेतला. आता मोर्चा कशाचा काढणार? मग वरळीत विजयी मेळावा झाला आणि दोघं शेजारी शेजारी बसले. तुमच्या पोरांसाठी कुणीतरी एक जीआर काढायला पाहिजे. तलाठ्याला विचारून बघा, बांधावरनं पाणंद काढायची म्हणून नुसतं बोलू दे. दोघं संध्याकाळच्या आत एका चुलीपाशी दिसतील.

प्राडाच्या कोल्हापुरीला म्हणे लाखभर रुपये. मी यांना अकराशेची घ्या म्हटलं तर हे म्हणतात महाग आहे. – त्रस्त सौ., राजारामपुरी

ताई, त्यांना सांगा, जून २०२५ मध्ये मिलानला मॉडेल लोक आपली चप्पल घालून चालले तेव्हा कंपनीनं तिला नुसतं लेदर सँडल म्हटलं होतं. कोल्हापूरचं नाव नाही, गाव नाही. चप्पल लाईनला त्या आठवड्यात मी फ्लेक्स लावायला गेलो तर एकेक दुकानदार मोबाईल पुढं करून फोटो दाखवत होता. राग किती आणि आनंद किती, काही कळेना. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीनं कबूल केलं आणि जुलैत त्यांची माणसं इथं येऊन कारागिरांना भेटून गेली. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि ते आपल्या एकट्याचं नाही. आपल्याकडचे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. आमच्या पेठेत हे दुसरं वाक्य बोललो की चहा मिळत नाही.

एका मंडळाला त्या वेळी 'प्राडाला कोल्हापुरी पायताण दाखवा' असा मजकूर पाहिजे होता. मी म्हटलं, अरे पायताण दाखवल्यामुळंच तर हे सगळं झालं.

यजमानांना म्हणावं, अकराशेची घ्या. आठ दिवस तेल पाजा, पंधरा दिवस पाय सोलून घ्या, मग पाच वर्षं बघायला नको.

कृषिमंत्र्यांचा सभागृहातला रमीचा व्हिडिओ बघितला. आमच्या ऑफिसात सॉलिटेअर खेळताना सापडलो तर मेमो मिळतो. – एक कारकून, शाहूपुरी

जुलै २०२५ मधलं प्रकरण. त्या वेळचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे म्हणाले होते, मी खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेला गेम घालवत होतो. असेलही. माझ्याही फोनवर हवामान बघायला गेलं की सोन्याची नाणी पडायला लागतात. पण पुढचं ऐका. महिना संपायच्या आत त्यांचं शेतीखातं काढलं आणि क्रीडाखातं दिलं. आमच्या तालमीत पोरगं पत्ते कुटताना दिसलं तर वस्ताद दोनशे जोर काढायला लावायचे. तुम्ही मेमो जपून ठेवा. कुणी सांगावं, ऑफिसच्या क्रिकेट टीमचे मॅनेजर व्हाल.

मराठी अभिजात झाली, पण फ्लेक्सवर 'अभिष्टचिंतन' पहिल्या वेलांटीचंच आहे. तुम्हां पेंटर लोकांना लाज कशी वाटत नाही? – निवृत्त मराठी शिक्षक, गडहिंग्लज

सर, नमस्कार. वाटते. पण माझंही ऐका.

शब्द 'अभीष्ट' आहे, भी दीर्घ, हे मला वडिलांनी पाठीत धपाटा घालून शिकवलंय. अभिजात दर्जा मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ ला. त्याच आठवड्यात एका साहेबांच्या वाढदिवसाचं काम आलं. मी म्हटलं, आज तरी बरोबर लिहू. छापलं. रात्री साडेदहाला दोन मोटारसायकली दुकानासमोर. "पेंटर, साहेबांच्या बॅनरवर चूक? समोरच्या गटानं फोटो काढून ग्रुपवर टाकलाय." मी शब्दकोश काढून दाखवला. त्यातला मोठा पोरगा पान बघून म्हणाला, "ह्यो जुना हाय." शेवटी रात्री एक वाजता पहिल्या वेलांटीचा फ्लेक्स नव्यानं छापून दिला, पदरमोड करून. बरोबरवाला अजून आहे. पावसाळ्यात दुकानाच्या पत्र्यावर घालतो. भी आत, बाहेर 'चिंतन' तेवढं लोंबतंय. कधी गडहिंग्लजहून आलात तर बघून जा.

मुलगा बारावीला आहे आणि दिवसभर रील्स करतो. काही बोललं की सूरज चव्हाणचं नाव घेतो. – चिंताग्रस्त वडील, इचलकरंजी

सूरज बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा. आईबाप लहानपणीच गेले, घरची गरिबी, आणि रील्सच्या जोरावर बिग बॉस मराठीच्या घरात जाऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये जिंकून आला. मलाही बरं वाटलं होतं. तुमच्या मुलाला एवढंच विचारा, फोन कुणी घेऊन दिला?

आमच्या धंद्यात मात्र एक बदल झालाय. पूर्वी मोबाईल शॉपीचं उद्घाटन असलं की फ्लेक्सवर आमदार मोठा आणि कडेला एखादी मालिकेतली वहिनी. आता मधोमध रीलस्टार. परवा एका आमदारांना कडेला टाकायला सांगितलं तर मीच दोनदा विचारून घेतलं. दुकानदार म्हणाला, "आमदारांना बघायला पोरं येत न्हाईत."

नांदणीच्या माधुरी हत्तिणीसाठी मी जिओचं सिम पोर्ट केलं. हत्तीण काही आली नाही आणि आता शेतात रेंज येत नाही. – एक शेतकरी, शिरोळ तालुका

दादा, तुम्ही मनापासून केलंत, त्याला हसायचं नाही. जुलै २०२५ च्या शेवटी हत्तीण अंबानींच्या वनतारात गेली तेव्हा नांदणीची म्हातारी माणसं रडताना मी स्वतः बघितली. कोर्टासमोर तिच्या तब्येतीचे अहवाल होते, तेही खोटे म्हणून कसं चालेल. दोन्ही बाजूंनी बोललो की आपल्याकडं माणूस एकटा पडतो, म्हणून मी त्या महिन्यात फक्त छापलं.

एक मात्र सांगतो. पहिल्या दिवशी 'माधुरी परत ये' म्हणून जो मजकूर आला, त्याच्याबरोबरचा फोटो इंटरनेटवरचा, केरळच्या उत्सवातला. कपाळावर सोन्याचं, आणि हे एवढाले सुळे. मी म्हटलं, पाटील, हा नर आहे. पाटलांनी चष्मा काढून पुसला, परत बघितलं आणि म्हणाले, "मग सुळं पुसा." ते काही मी केलं नाही. त्यांच्या पुतण्याकडं पालखीतला तिचा खरा फोटो निघाला, थोडा हललेला. तोच लावला. रेंजचं म्हणाल तर विहिरीच्या कट्ट्यावर उभं राहून बघा.

हाताने रंगवलेले बोर्ड परत येतील का? – कला महाविद्यालयातली विद्यार्थिनी

नाही येणार, बाळ. उगाच खोटं कशाला सांगू. पण तू विचारलंस म्हणून जरा बोलतो.

या गावात पेंटर ही पदवी आहे. बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर झाले आणि मग सिनेमे काढले. जी. कांबळेंनी सिनेमाची पोस्टरं रंगवली आणि शिवाजी महाराजांचं आपण सरकारी कचेरीत बघतो ते चित्रही त्यांचंच. माझे वडील त्या मानानं अगदीच साधे. नाटकाच्या जाहिरातीचे बोर्ड लिहायचे. बोर्डावर खडूनं दोरी मारून रेघ आखायची, ते काम माझं. मी दोरीचं टोक धरायचं, ते मधोमध चिमटीनं उचलून सोडायचे, टप्प, आणि सरळ पांढरी रेघ. मग त्यावर ब्रश. 'नाटक' मधला ना ते शेवटी लिहायचे. का ते कधी सांगितलं नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी मुलाच्या गाडीवर मागं बसून गेलो, तर रस्त्यावर माणसं नुसती उभी. कोण काही बोलत नव्हतं. लाकूड आणि कापड जळाल्याचा वास होता, आणि मला त्यात जुन्या ऑईलपेंटचा वास येत होता. मुलगा म्हणाला, काही येत नाही, धूर आहे. असेल.

सकाळी आठला दुकान उघडलं तर पहिलं गिऱ्हाईक श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचं. नाट्यगृहाला भावपूर्ण श्रद्धांजली, खाली सतरा शुभेच्छुक. मी म्हटलं, श्रद्धांजलीला शुभेच्छुक नसतात. तेवढं बदललं. सतराच्या सतरा फोटो मात्र राहिले.

दोरी मारायला शिकायची असेल तर रविवारी ये. खडू तुझा तू आण.

काका, तुम्ही सगळ्यांचे फ्लेक्स छापता. तुमचा कधी लागला का? – उत्सुक वाचक, उजळाईवाडी

लागला. मागच्या वर्षी साठी झाली तेव्हा. गल्लीतल्या पोरांनी मला कळू नये म्हणून दुसऱ्याकडनं छापून घेतला. सकाळी दूध आणायला बाहेर पडलो तर पिंपळाला मीच. फोटो कुठला म्हणाल तर एका लग्नातला, हातात ताट होतं, ते कापून हात जोडलेले दाखवलेत. हात दुसऱ्या कुणाचे तरी आहेत, बोटात अंगठ्या. वर नेते एकही नाही, मी त्यांना मनातल्या मनात शाबासकी दिली. नावाखाली पिवळ्या अक्षरात लिहिलं होतं, 'भावी आजोबा'.

दुधाची पिशवी घेऊन तसाच परत आलो. सून ओट्यापाशी उभी होती. मी काही विचारायच्या आधीच मुलगा आतून ओरडला, "त्या पोरांना सांगितलेलं, रविवारपर्यंत थांबा म्हणून!"

अभिष्टचिंतन अर्थातच पहिल्या वेलांटीचं होतं. महिनाभर मी कुणाला तो काढू दिला नाही.