पाचारण ओळखायचं कसं?

प्रश्न : मुलगा बी.कॉम. झाला. आता सेमिनरीत, म्हणजे चर्चचे पाळक (धर्मगुरू) घडवणाऱ्या संस्थेत, बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी करायची म्हणतो. हे खरं पाचारण, म्हणजे सेवेसाठी आलेली देवाची हाक, की मित्रांचं पाहून आलेली लाट? शिवाय सगळं शिक्षण मराठीत. तिथे त्याचा निभाव लागेल का? — एक आई, संगमनेर

उत्तर : ताई, अर्जाची घाई नको. सहा महिने त्याला मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, काम करू द्या : रविवारच्या शाळेचा एक वर्ग, आजाऱ्यांच्या भेटी. व्यासपीठावर बोलायला पुष्कळांना आवडतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीपाशी तासभर गप्प बसून ऐकवतं का, ते पाहा. पाळकांशी आत्ताच बोला. सेमिनऱ्या सहसा मंडळीचं शिफारसपत्र मागतात, आणि ऐनवेळी लिहिलेलं पत्र मोघम होतं.

इंग्रजीमुळे सुरुवात जड जाईल, त्यात बायबलच्या मूळ भाषांची, ग्रीक-हिब्रूची भर. रोज दहाच शब्द, पण मोठ्याने म्हणून. परीक्षेच्या तोंडावर घोकलं की क्रियापदांची रूपं हमखास घसरतात.

परकेपणा मात्र वर्गापेक्षा उपासनेत जास्त बोचतो, सगळी गाणी अनोळखी भाषेत असतात तेव्हा. त्याच्या बॅगेत मराठी गीतपुस्तक ठेवा. तिथल्या मराठी मुलांना जमवून आठवड्यातून एकदा प्रार्थना करावी. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती मराठी अभंगांत गायली. ही भाषा दाराबाहेर ठेवून आत जायचं त्याला काहीच कारण नाही.