पंप कॅलिब्रेट करून बसवला अन् ट्रॅक्टर लोड घेईना? आधी टायमिंग बघा

दादा, तुमचा सगळा मजकूर वाचला. गेवराईकडं तीन सिलेंडरचा जुना ट्रॅक्टर, डिझेल पंप कॅलिब्रेशनला उतरवला होता, बसवल्यापासून सकाळी लवकर चालू होईना, पांढरा धूर सोडायलंय अन् डोळे चुरचुरायलेत, नांगराला लावला की दम टाकायलंय आणि टेंपरेचरचा काटा लाल पट्टीकडं चाललाय. एक मिस्त्री म्हणतो नोझल, दुसरा म्हणतो हेड गॅस्केट, तिसरा म्हणतो पंप परत खोला. माझं ऐका, ह्यातलं आत्ता काहीच खोलू नका, पंपाचं टायमिंग, म्हणजे पिस्टन नेमका कुठं असताना पंप डिझेल टाकतो ते, आधी तपासून घ्या.

गिअरवर चालणाऱ्या इंजिनाचं टायमिंग सहसा आपोआप सरकत नाही. बेल्टचा दात उडतो, चेन ढिली पडती, पण गिअरला दात तुटल्याशिवाय, गिअरला शाफ्टवर धरणारी चावी कातरल्याशिवाय किंवा पंपाचे नट ढिले झाल्याशिवाय जागा सोडता येत नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा की त्रास सुरू व्हायच्या आधी काय खोललं होतं. तुमच्याकडं पंप खोलला होता. तुम्ही म्हणाल पंप तर मशीनवर चेक करून आणलाय, खरंय, पण मशीनवर काय बघतात तर डिझेल किती पडतं, तिन्ही एलिमेंट (एकेका सिलेंडरला डिझेल ढकलणारे पंपातले भाग) सारखं टाकायलेत का अन् गव्हर्नर (इंजिनाचा स्पीड आवरणारा भाग) कितव्या स्पीडला डिझेल तोडतो. तोच पंप तुमच्या इंजिनावर क्रँकच्या, म्हणजे पिस्टन जिला फिरवतो त्या मुख्य शाफ्टच्या, कितव्या डिग्रीला डिझेल टाकणार हे त्या मशीनवर ठरत नाही, ते बसवणाऱ्याच्या हातात असतं.

आता एखाद्या दातानं काय फरक पडतो ते बघा. फोर स्ट्रोकमधी क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचा) अन् पंपाचा एक होतो, म्हणजे क्रँक गिअरला 25 दात धरले तर पंपाच्या गिअरला 50. पंपाचा गिअर एक दात चुकला की पंपाचे 7.2 डिग्री चुकले आणि क्रँकचे 14.4. इंजिन 2000 आरपीएमला असताना क्रँकची एक डिग्री म्हणजे सेकंदाचा बारा हजारावा भाग, डिझेलला पेटायला मिळणारा वेळच एवढासा असतो, त्यात 14 डिग्री उशीर झाला तर पिस्टन खाली निघाल्यावर डिझेल पेटतं, ढकलायला जोर राहत नाही, अर्धवट जळालेलं पांढरा धूर होऊन बाहेर पडतं आणि उरलेली उष्णता सायलेन्सरात अन् पाण्यात जाती. तुमची लक्षणं ह्यात बसतात. उलटं, टायमिंग लवकर असलं तर लोडवर कडक खट-खट ठोके येतात, स्टार्ट करताना इंजिन उलटा झटका मारतं, आणि तसंच चालवलं तर पिस्टन अन् गॅस्केटला मार बसतो.

पण धुरावरून लगेच ठरवू नका. डोळ्याला झोंबणारा, डिझेलचा वास येणारा पांढरा धूर म्हणजे न जळालेलं डिझेल. डिझेलचा वास नाही, धूर वाफेसारखा अन् गोडसर आणि रेडिएटरचं पाणी कमी व्हायलंय, मग गॅस्केटवाल्या मिस्त्रीचं खरं असू शकतं. निळसर असला तर ऑइल.

आता सगळ्यात कामाची तपासणी. इंजिन स्लोवर ठेवून नोझलच्या लाईनचा नट एकेक करून थोडा ढिला करा अन् आवाज ऐका. एकाच सिलेंडरला ढिला केल्यावर आवाज बदलला नाही तर तोच लंगडा, मग नोझल, टॅपिट, कॉम्प्रेशन बघा. तिन्ही सारखेच काम करायलेत, पण तिन्ही मरगळलेले, तर दोष सगळ्यांना सामायिक असलेल्या गोष्टीत आहे, म्हणजे टायमिंग, हवा किंवा डिझेलचा पुरवठा. म्हणून आधी फिल्टर अन् एअर लॉक (लाईनमधी अडकलेली हवा) बघून घ्याच, ते फुकटातलं काम आहे. आणि हे करताना हात लांब ठेवा, नोझलचं प्रेशर 200 बारच्या आसपास असतं, ती धार कातडीतून आत शिरती, जखम टाचणीएवढी दिसली तरी थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

पंप इनलाइन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरला वेगळं एलिमेंट असलेला, असेल तर स्पिल टायमिंग घ्या, म्हणजे डिझेलची धार कुठं तुटती त्यावरून टायमिंग मोजा. बॅटरीची वायर काढा, गाडी न्यूट्रलला, स्टॉप मोकळा, रेस फुल. एक नंबरच्या सिलेंडरचा कॉम्प्रेशन स्ट्रोक पकडा, म्हणजे एक नंबरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) हाताला ढिले लागले पाहिजेत, टीडीसीला (पिस्टन अगदी वर असताना) एक जरी दाबलेला असला तर तुम्ही दुसऱ्याच फेऱ्यात आहात. मग पंपाच्या एक नंबरची लाईन काढा, ती लाईन जिथं बसती तो डिलिव्हरी होल्डर खोलून आतला व्हॉल्व्ह अन् स्प्रिंग स्वच्छ डिझेलात ठेवा, होल्डर परत बसवून वर वाकडी बारीक नळी लावा. इंजिन फ्लायव्हीलवरच्या (इंजिनाच्या जड चाकावरच्या) टायमिंगच्या खुणेच्या बरंच मागं नेलं की नळीतून डिझेल वाहायला लागतं. आता चालण्याच्या दिशेनंच हळूहळू फिरवा. धार थेंबावर येती आणि थेंब जिथं तुटतो तिथं पंपाचं इंजेक्शन सुरू होतं. फ्लायव्हीलवर किती डिग्री आलं ते तुमच्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा, शेजारच्या ट्रॅक्टरचा आकडा चालत नाही. खूण ओलांडली तर तिथल्या तिथं मागं आणू नका, गिअरमधला खेळ आकडा फसवतो, बरंच मागं जाऊन परत या.

थोडाच फरक असेल तर फ्लँजच्या लांबट भोकात पंप फिरवून बसतं: पंपाची शाफ्ट ज्या बाजूला फिरती त्याच्या उलट बॉडी फिरवली की टायमिंग लवकर होतं. भोकं संपली तरी आकडा येईना, मग गिअरचा दात चुकलाय, पुढचं कव्हर खोलावं लागेल. तिथं एक सांगून ठेवतो, क्रँक अन् पंपाच्या गिअरला जोडणारा मधला आयडलर गिअर असला तर त्याच्यावरच्या खुणा प्रत्येक फेऱ्यात जुळत नसतात, बरेच फेरे फिरवल्यावर एकदा जुळतात. नुसतं कव्हर काढून खूण जुळेना म्हणून दात चुकला असं ठरवणारे लई आहेत, आणि बरोबर बसलेलं टायमिंग त्यांच्याच हातानं बिघडतं. एक नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आणा, मगच गिअर काढून जुळवा.

कानानं पंप फिरवून "आता आवाज गोड झाला" म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. आवाज मऊ येतो तो टायमिंग उशिरा झाल्यानंही येतो, आणि मे महिन्यात आपल्याकडच्या काळ्या जमिनीत नांगरट करताना ते इंजिन उकळणारच.

रोटरी पंप (एकच फिरता भाग सगळ्या सिलेंडरला डिझेल वाटतो तो) असेल तर थेंबाची पद्धत लागू नाही, त्याच्या फ्लँजवरची खूण किंवा झाकणीच्या आतली रेघ जुळवतात, ते काम पंपवाल्याकडूनच करून घ्या. आणि जानेवारी 2023 नंतरच्या 50 एचपीवरच्या ट्रेम फोर (धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम) ट्रॅक्टरवाल्यांनी हे काही करू नये, त्यांच्या कॉमन रेल डिझेल सिस्टीममधी टायमिंग ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतं, तिथं आधी स्कॅनर लावून क्रँक अन् कॅम सेन्सर बघायचे.

तुमचा पंप इनलाइन का रोटरी, बसवताना गिअर हलवला होता का, आणि नट ढिले केल्यावर तिन्ही सिलेंडर काय बोलले, एवढं कळवा, पुढचं सांगतो.