आधी टाच बघ

चि.,
अनेक आशीर्वाद.

रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात रुजू झाल्याबरोबर नेहमीचा प्रश्न तुझ्याही टेबलावर आला म्हणायचा. लकवा मारलेल्या आजींना डिस्चार्ज मिळतो. मुलगा पुण्याला, सून नोकरीला, गावातल्या घरी उचलायला-बसवायला कोणी नाही. मग नातेवाईक विचारतात, "मॅडम, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ठेवायला कोणतं सेंटर चांगलं?" नाव सुचवण्याआधी ते स्वतः कसं पारखायचं, हे तू विचारलंस ते बरं केलंस.

आपल्याकडचे बहुतेक वृद्धाश्रम चालत्याफिरत्या माणसांसाठी असतात. जेवण, निवारा, भजन, अधूनमधून डॉक्टर, एवढीच त्यांची सोय. अंथरुणाला खिळलेला माणूस त्यांना झेपत नाही, आणि तसं स्पष्ट सांगणारा वृद्धाश्रम प्रामाणिक समजावा. भीती असते ती "ठेवतो ना" म्हणणाऱ्याची. त्याला एवढंच विचार: आत्ता नाकात नळी असलेले किती, लघवीची पिशवी लावलेले किती, आणि त्यांचं बघणारी सिस्टर एएनएम (सहायक परिचारिका) आहे की जीएनएम (पूर्ण प्रशिक्षित परिचारिका)? आकडे लगेच आले नाहीत तर पुढच्या गप्पा आवरत्या घे.

कागदपत्रं बघ, पण त्यांच्यावर विसंबू नकोस. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी संस्थेची असते, शुश्रूषेची नसते. रुग्ण ठेवून वैद्यकीय शुश्रूषा देणाऱ्या जागेला १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखालचं प्रमाणपत्र लागतं. ते मागावं. सिस्टरची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही मागावी. भिंतीवरचे सत्काराचे फोटो आणि शाली कुणी दाखवत बसलं तर चहा पिऊन घे.

आता खरं काम. कळवून एकदा जा, न कळवता दोनदा. सकाळी सहा-सात ही अंघोळीची वेळ, साडेबारा ही जेवणाची. रविवारी संध्याकाळी माणसं कमी असतात. प्रत्येक वेळी दर्शनी हॉल ओलांडून शेवटच्या खोलीतल्या शेवटच्या पलंगापाशी जा. ज्याला बोलता येत नाही आणि ज्याला भेटायला कुणी येत नाही, तो रुग्ण बहुधा तिथे असतो. त्याची आणि सिस्टरची परवानगी घेऊन पायावरची चादर बाजूला कर आणि टाच बघ.

टाच, माकडहाड, कमरेच्या दोन्ही बाजूंची हाडं आणि डोक्याची मागची बाजू, या जागी दाबाने जखम होते. लालसर जागा दिसली तर बोटाने दाबून सोड. क्षणभर फिकी पडून परत लाल झाली तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिली तर बेडसोर सुरू झालेला आहे. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली नीट कळत नाही. तिथे हाताच्या पाठीने आजूबाजूची कातडी आणि ती जागा ताडून बघ. गरम, टणक किंवा पिठासारखी मऊ लागली तर संशय धर. अशा लाल जागेवर स्पिरिट-पावडर लावून मावशी चोळताना दिसल्या तर शिकवण जुनी आहे असं समज. चोळण्याने आतली इजा वाढते. टाचेखाली पाणी भरलेला हातमोजा किंवा कमरेखाली रबरी रिंग ठेवलेली असेल तर तेही चूकच, कारण कडेला दाब वाढून मधला रक्तपुरवठा कमी होतो. पोटरीखाली लांब उशी आणि टाच अधांतरी, एवढं साधलेलं दिसलं की इथे कुणाला तरी काम येतं.

मात्र एक बेडसोर दिसला म्हणून सेंटरवर फुली मारू नकोस. पुष्कळ जखमा आपल्याच आयसीयूतून सोबत गेलेल्या असतात. जखम कधीची, आली तेव्हा केवढी होती, आज केवढी, ड्रेसिंग कोण करतं, हे वहीत लिहिलेलं असेल आणि जखम आटत असेल, तर मी त्याला जखमच नसलेल्या पण वहीही नसलेल्या सेंटरपेक्षा वरचढ मानते.

एअर बेड आहे, आता कूस बदलायची गरज नाही, असं ऐकशील. गरज असतेच. गादीचा पंप चालू आहे का आणि वजनाप्रमाणे दाब लावलाय का ते बघ. तळहात वर करून गादीखाली, रुग्णाच्या कमरेच्या बरोबर खाली सरकव. हाताला हाड लागलं, मध्ये इंचभरही हवा नसेल, तर तो माणूस लाकडी फळीवर झोपल्यासारखाच आहे. भारनियमनात लाइट गेली की अशा गाद्या हळूहळू बसतात. पंप फार वीज खात नाही, इन्व्हर्टरच्या लाइनवर घालता येतो. घातलाय का, एवढंच विचार.

कूस बदलण्याचा तक्ता प्रत्येक सेंटर दाखवतं. दहा, बारा, दोन, चार, अगदी घड्याळाच्या ठोक्यावर, एकाच पेनाने, एकाच हाताने. तो वाचण्यापेक्षा गणित मांड. कूस बदलून डायपर तपासायला, लागला तर बदलायला, दोन माणसांना पलंगामागे दहा मिनिटं धर. दोन तासांत १२० मिनिटं, म्हणजे एक जोडी फार तर १२ रुग्ण करील, तेही न थांबता. तिथे खिळलेले २० असतील आणि रात्री दोघंच असतील, तर तक्ता खरा असूच शकत नाही. म्हणून "स्टाफ किती?" असं मोघम विचारू नकोस. रात्री आठ ते सकाळी आठ आवारात कोण असतं, त्यातलं जागं कोण असतं, आणि मावशी सुट्टीवर गेल्या की बदली कोण, असं विचार. दिवसा दिसलेल्या त्याच मावशी रात्रीही असतील तर त्या झोपतात कधी?

डायपरचंही तसंच. दहा जणांना दिवसाला चार, म्हणजे महिन्याला १२०० लागतात. दुकानाचं बिल ४०० चं निघालं तर उरलेले तास माणसं ओल्यात आहेत, किंवा डायपरऐवजी सरसकट लघवीची नळी घातलेली आहे. नळी प्रत्येकाला का घातली, याचं वैद्यकीय कारण फाईलमध्ये हवं. पिशवी कमरेच्या पातळीखाली पण जमिनीला न टेकता लटकलेली हवी. लघवीत जंतुसंसर्ग झाला की म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही. आधी ते बरळायला लागतं, आणि "आजींचं डोकं फिरलंय" म्हणून सेंटरवाले मोकळे होतात.

जेवणाच्या वेळी तिथे उभी राहा. लकवा झालेल्याला आडवं ठेवून चमचा तोंडात सारला तर घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. पाठ सरळ करून बसवायचं, जेवणानंतरही अर्धा तास तसंच ठेवायचं. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून मऊ केलीय का, पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा देत नाहीत ना, गालात अन्न साठलंय का, हे बघ. भरलेली ताटं तशीच परत जात असतील तर किती, ते मोज. शेवटी सगळं वजनात उतरतं. महिन्यात पाच टक्के, म्हणजे ५० किलोच्या बाईचं अडीच किलो घटलं, तर डॉक्टरला कळवायलाच हवं. उभं राहता येत नसेल तर खुर्चीचा काटा हवा, नाहीतर निदान दंडाचा घेर टेपने मोजून लिहिलेला हवा.

पाण्याचं आपल्या भागात वेगळं बघावं लागतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा तुला आठवत असेलच. टंचाई आली की सेंटरमध्ये आधी कपात होते ती अंघोळीत आणि धुण्यात. मे महिन्यात टँकर किती दिवसांआड येतो, साठवण केवढी, आणि पलंगामागे चादरीचे जोड किती, हे विचार. एक पलंगावर, एक धुण्यात, एक वाळलेला, असे तीन तरी हवेत. प्यायचं पाणी हाताला लागेल असं ठेवलंय का? उतारवयात तहान कळत नाही, आणि वारंवार डायपर बदलायला नको म्हणून पाणी कमी देणारेही असतात. पिशवीतली लघवी गडद पिवळी, चहासारखी दिसली की समजून घे. पत्र्याच्या किंवा वरच्या स्लॅबखालच्या खोलीत मे महिन्यात कोणाला ठेवतात, तेही विचार. बाहेर ४२-४३ अंश असताना म्हाताऱ्या माणसाचं अंग तापलं आणि सिस्टर नुसती पॅरासिटामॉल देणार असेल, तर तिला उष्माघात ठाऊक नाही. त्यात गोळी काम करत नाही. अंग ओलं करून पंख्याखाली घ्यायचं आणि १०८ बोलवायची.

औषधांच्या कपाटाला पाच मिनिटं पुरतात. प्रत्येकाच्या नावाचा डबा, दिल्याची सही, उघडलेल्या इन्सुलिनच्या कुपीवर तारीख. बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर २८ दिवसांत संपवायचं असतं, बंद कुप्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. फ्रिज इन्व्हर्टरवर नसेल तर लांबच्या भारनियमनात काय करता, ते विचार. इन्सुलिनची सुई दिल्यावर रुग्ण जेवला नाही तर साखर एकदम खाली येते, तेव्हा काय करता, हेही विचार. या प्रश्नावर सिस्टर अडखळली तर मला जास्त काळजी वाटते.

सकाळी अकराला सगळा वॉर्ड गाढ झोपलेला असेल तर ती शांतता नको. झोपेच्या गोळ्या कोणी, कशासाठी लिहिल्या ते फाईलमध्ये शोध. मनगटावर बांधल्याचे वळ किंवा पलंगाच्या दांडीला ओढणीची गाठ दिसली तर तिथेच विचार. बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि एकाच खोलीत दोघं-तिघं खाजवत असतील तर खरूज पसरलीय. फिनेलचा उग्र वास म्हणजे स्वच्छता नव्हे.

मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणं दिसलं तर नुसतं आपल्या यादीतून नाव काढून थांबू नकोस. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे. आणि मुलं खर्चच देत नसतील तर आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो, हे आजींना सांगणं तुझंच काम.

नातेवाइकांना दोन गोष्टी बजावून सांग. दाखल करताना सिस्टरसमोर डोक्यापासून टाचेपर्यंत अंग तपासून, असलेल्या जखमा आणि वजन लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. आणि व्हिडिओ कॉलवर नुसता चेहरा बघून फोन ठेवायचा नाही, आठवड्यातून एकदा कॅमेरा पायाकडे न्यायला सांगायचा. पैशाचं बोलणं तोंडी ठेवू नये. महिन्याच्या रकमेत डायपर, ड्रेसिंग, डॉक्टरची व्हिजिट धरली आहे का, रात्री दवाखान्यात हलवायची वेळ आली तर सोबत कोण जाणार, किती दिवसांच्या नोटिशीवर नेता येईल आणि डिपॉझिट कधी परत मिळेल, हे कागदावर आल्याशिवाय गाडीतून सामान उतरवू नका म्हणावं.

कळावे.