वाचकांचे प्रश्न: तुरटीचा स्फटिक पांढरा का पडला?

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मुलीने सियागंजातून आणलेल्या तुरटीपासून सुपारीएवढा, काचेसारखा स्वच्छ स्फटिक वाढवला. ओल लागून तो विरघळू नये म्हणून आम्ही तो बरणीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवला होता. एप्रिलमध्ये पाहिले, तर तो खडूसारखा पांढरा झाला होता. आमचे काय चुकले? आता तो वाचवता येईल का? (एक वाचिका, इंदूर)

उत्तर: आपली काळजी योग्य होती, परंतु सिलिका जेलच्या त्या पुड्यांनीच स्फटिकाचे नुकसान केले. तुरटी हे पोटॅशियम सल्फेट आणि ॲल्युमिनियम सल्फेट यांचे दुहेरी लवण आहे. पाण्यात विरघळल्यावर या दोहोंचे आयन वेगवेगळे होतात, पण स्फटिक होताना ते ठरावीक प्रमाणात एकत्र येतात आणि सोबत पाण्याचे १२ रेणूही घेतात. तुरटीच्या वजनात ४५ टक्क्यांहून थोडे अधिक वजन या पाण्याचे असते, आणि स्फटिकाची पारदर्शक घडण त्याच्यावरच उभी असते. सिलिका जेलने बरणीतील हवा कोरडी केली, कोरड्या हवेने स्फटिकाच्या पृष्ठभागातून पाणी ओढून घेतले, आणि पाणी गेलेल्या थराचा पांढरा भुगा झाला. उघड्यावर ठेवलेल्या स्फटिकाचे आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांतील कोरड्या हवेत असेच होते, फक्त अधिक सावकाश. पावसाळ्याची भीती मात्र बाळगू नये, कारण मीठ जसे हवेतील ओल ओढून पाझरते, तशी तुरटी सहसा पाझरत नाही.

आपला स्फटिक अजून वाचू शकेल. पांढरा थर वरवरचाच असेल, तर स्फटिक क्षणभर साध्या पाण्यात बुडवून तो थर विरघळू द्यावा आणि लगेच स्फटिक तुरटीच्या संपृक्त (आणखी तुरटी विरघळू शकत नाही अशा) द्रावणात दोऱ्याने टांगावा. काही दिवसांत त्यावर नवा स्वच्छ थर चढू लागतो. द्रावण खरोखर संपृक्त आहे की नाही, हे आधी तुरटीचा एक लहानसा खडा त्यात टाकून पाहावे. एका दिवसानंतरही तो खडा झिजला नाही, तरच मोठा स्फटिक आत सोडावा.

या कामात घाई केली, तर तापमान दगा देते. ५० अंशांच्या पाण्यात २० अंशांच्या पाण्यापेक्षा अडीच-तीन पट तुरटी विरघळते. मालव्यातील रात्रींच्या गारव्याचे कौतुक आपण सारेच करतो, पण स्फटिक वाढवणाऱ्याला दिवसरात्रीचा हा फरक जड जातो, कारण रात्री वाढलेला थर दुपारच्या उबेत पुन्हा विरघळतो. म्हणून भांडे खिडकीजवळ किंवा स्वयंपाकघरात न ठेवता आतल्या खोलीतील कपाटात, जाड टॉवेल गुंडाळून ठेवावे. तोंडावर झाकणाऐवजी गाळणकागद बांधावा, म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाणी हळूहळू उडत राहते. तळाशी नवे बारीक स्फटिक दिसू लागले, की द्रावण गाळून स्वच्छ भांड्यात घ्यावे, अन्यथा तेच विरघळलेली तुरटी आपल्याकडे ओढतात. पाणी शुद्धीकरणासाठी मिळणाऱ्या लाद्या बहुधा नुसत्या ॲल्युमिनियम सल्फेटच्या असतात; त्यांपासून तुरटीचे आठ पृष्ठभागांचे सुबक स्फटिक मिळत नाहीत, म्हणून दाढीनंतर लावतात ती तुरटी मागावी.

पुरेसा वाढलेला स्फटिक नळाखाली न धुता टिपकागदाने टिपावा आणि काही तास सावलीत, पंख्यापासून दूर ठेवावा. मग त्यावर रंगहीन नेलपॉलिशचे दोन-तीन पातळ थर द्यावेत. त्यातील द्रावकात तुरटी विरघळत नाही. पाण्यात मिसळलेले व्हार्निश मात्र पृष्ठभाग खाते. हा लेपही बाष्प पूर्णपणे अडवत नाही. म्हणून स्फटिकाला जेमतेम पुरेल अशी घट्ट झाकणाची बाटली घ्यावी आणि तळाशी तुरटीचे चार खडे टाकावेत, म्हणजे बाटलीतील हवेला लागणारे बाष्प तेच पुरवतात. मला स्वतःला औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनमध्ये बुडवून ठेवणे अधिक खात्रीचे वाटते.

प्रश्न: बारावीच्या प्रात्यक्षिकात केलेल्या मोहर लवणाचे (फेरस सल्फेट आणि अमोनियम सल्फेट यांच्या दुहेरी लवणाचे) फिकट हिरवे स्फटिक घरी आणल्यावर तपकिरी का पडले? (एक विद्यार्थी, इंदूर)

उत्तर: येथे कारण वेगळे आहे. मोहर लवणातील फेरस लोहाचे हवेतील ऑक्सिजनमुळे फेरिक लोह होते आणि तोच तपकिरी रंग दिसतो. हिराकशीपेक्षा, म्हणजे नुसत्या फेरस सल्फेटपेक्षा, हे लवण पुष्कळ टिकाऊ असते, आणि म्हणूनच परमँगनेटच्या अनुमापनात (द्रावणाची तीव्रता मोजण्याच्या प्रयोगात) ते वापरतात. पण ओलसर राहिलेले स्फटिक लवकर बिघडतात. द्रावण करताना विरल सल्फ्युरिक आम्लाचे थेंब प्रयोगशाळेतच, शिक्षकांसमोर घालावेत, स्फटिक थोड्या थंड अल्कोहोलने धुऊन टिपकागदावर नीट सुकवावेत आणि काठोकाठ भरलेल्या लहान बाटलीत घट्ट बंद करावेत. तापवून मात्र सुकवू नयेत, कारण या लवणातही पाण्याचे सहा रेणू आहेत.