जेट बोटचा रिव्हर्स अडकलाय? आधी केबल सोडवा

भाऊ, पहिली गोष्ट म्हणजे लिव्हरवर जोर काढू नका. लिव्हरपासून बकेटपर्यंत जाणारी केबल आतून मुरडते आणि छोटं काम मोठं होतं. बकेटला, म्हणजे रिव्हर्ससाठी झोतावर खाली येऊन तो उलटा वळवणाऱ्या मागच्या झाकणाला, हातोडीही नको. ती ॲल्युमिनियमची ओतीव असेल तर तडकते.

बोट ट्रेलरवर घ्या, इंजिन बंद, किल्ली खिशात. जेट बोटला खरा न्यूट्रल नसतो. बकेट अर्धी खाली येऊन पाण्याचा झोत दोन्हीकडे विभागते, एवढंच. बहुतेक बोटींत इंजिन चालू म्हणजे इम्पेलर (पाणी मागे फेकणारा पंपातला पंखा) फिरतोच.

आता बकेटच्या फटीत बघा. उजनीच्या काठाला गाळ, खडे आणि मासेमारीच्या जाळ्याचे नायलॉन धागे बकेट ज्यावर फिरते त्या पिनेभोवती असे आवळून बसतात की वरून दिसतही नाहीत. चिमट्याने काढा.

तरी अडतंय? स्प्लिट पिन काढून केबलचं मागचं टोक सोडवा आणि बकेट हाताने वर-खाली करा.

- सहज फिरली: दोष केबलचा किंवा लिव्हरचा. केबलच्या टोकावरचं रबरी बूट (टोपण) फाटून पाणी आत गेलं असेल तर केबल गंजते. तेल ओतून वेळ घालवू नका, त्याच लांबीची नवी टाका.
- जड गेली: पिना काढा, जुनं ग्रीस पुसा, पिनेभोवतीचे झिजलेले बुश (कडी) बदला, मरीन ग्रीस लावा.

जोडताना नवी स्प्लिट पिन वापरा. फॉरवर्डला बकेट झोतातून पूर्ण वर राहते ना, तेवढं तपासा. कडा झोतात राहिली तर वेग मरतो आणि बकेट अचानक खाली आपटू शकते. केबलचं बारीक ॲडजस्टमेंट नंतर बघू.