घाट नको, आधी कर्जत बांधा

बदलापूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आहे. वय ५३, खासगी कंपनीत लेखा विभागात नोकरी, साठीला निवृत्ती. ८ लाखांच्या मुदत ठेवीची मुदत पुढच्या महिन्यात संपते. घराचे कर्ज ६ लाख बाकी, व्याज साडेआठ टक्के, हप्ता १९,०००. घरखर्च महिना ५५,०००. लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यामुळे तिची दहा बाय दहाची खोली मोकळी आहे. त्या खोलीत कर्जत-लोणावळा घाटाचा एचओ मापातला रेल्वे लेआउट, म्हणजे छोट्या चालत्या गाड्यांची प्रतिकृती, उभारायची त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. अंदाज निघाला साडेपाच लाखांचा. ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, परदेशी इंजिनांचे भाव वाढतच जातात, गुंतवणूकच समजा. ठेवीतून हा खर्च करावा का, असे त्या विचारतात.

ताई, रेल्वे जरूर बांधा, आणि ती यंदाच सुरू करा. साडेपाच लाख मात्र एकदम घालू नका.

आधी ते गुंतवणुकीचे मनातून काढून टाका. भाव टिकतो तो खोक्यातून बाहेर न काढलेल्या इंजिनाचा, आणि तुम्हाला इंजिन चालवायचे आहे. विकायची वेळ आली तर आपल्याकडे गिऱ्हाईक मोजकेच. छोट्या रेल्वेगाड्या बनवणाऱ्या ज्या जर्मन मार्कलिनचे नाव संग्राहक आदराने घेतात, त्या १८५९ सालच्या कंपनीलाही २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला होता. ती पुढे सावरली, पण भाव वाढतच जातात या भरवशावर निवृत्तीचा पैसा लावता येत नाही. हा छंदावरचा खर्च आहे. चांगला खर्च आहे, आणि तो खर्च म्हणूनच मांडला की हिशोब सरळ होतो.

आता खुद्द घाटाकडे बघू. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे. कर्जत ते लोणावळा साधारण २८ किलोमीटर, म्हणजे या मापात ३२० मीटरच्या वर. तेवढे कोणीच बांधत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण चढाचे काय? खरा बोरघाट १:३७ चा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर चढ. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर साडेसात सेंटीमीटर तरी उंची लागते, आणि त्या चढाने ती गाठायला पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट लांबी. तुमची भिंत दहा फुटांची! वळणाची त्रिज्या अठरा इंच धरली तरी प्रत्येक वेढ्याला चार फूट रुंदीचा पाट हवा. सगळी खोली भरून जाईल, बोगद्यात अडकलेल्या डब्यापर्यंत हात पोहोचणार नाही, आणि पैसे प्लायवूड, डोंगर आणि चढ उतारांत जातील.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. घाटाबद्दल त्यात एक ओळ आहे. लहानपणी कर्जतच्या फलाटावर उभे राहून गाडीला मागून बँकर, म्हणजे घाटात ढकलणारी जादा इंजिने, जोडताना पाहायचात, त्यावर अर्धे पान आहे. मग कर्जतच बांधा. दोन भिंतींना लागून दीड फूट रुंदीची फळी, त्यावर स्टेशन, दोन-तीन मार्गिका, गाडीला रूळ बदलून देणारे चार-पाच सांधे, बँकर उभे करायला बाजूचा रूळ, आणि दुसऱ्या टोकाला पडद्यामागे गाडी थांबवायची जागा. गाडी येते, मागे बँकर लागतात, गाडी सुटते. हे सगळे तुमच्या अंदाजाच्या निम्म्यात बसू शकते.

बचत कुठे करायची नाही तेही सांगतो. साध्या डीसी पद्धतीत रुळाला वीज दिली की त्या रुळावरची सगळी इंजिने एकदम हलतात. उभ्या गाडीकडे बँकर हळूच न्यायचा असेल तर रुळांचे तुकडे पाडून स्विच बसवत बसावे लागते. डीसीसी या डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनाला स्वतःचा डिकोडर, म्हणजे फक्त त्याच्यासाठीचा आदेश ओळखणारा छोटा सुटा भाग, असतो, म्हणून हवे तेच इंजिन हलते. तुमचा जीव ज्यात आहे ते नेमके हेच, म्हणून पहिला पैसा त्यावर. डोंगर, झाडे, फलाटावरची माणसे मागाहून, घरी करता येतील तेवढी घरीच. बाहेरून काही मागवाल तर सीमाशुल्क आधी विचारा. खेळण्यांवरचे हे शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेले गेले. तुमच्या अंदाजपत्रकात त्याची ओळच नाही.

आता ठेवीचे ८ लाख. त्यातले ४ लाख अडीअडचणीसाठी तसेच ठेवा. घरखर्च आणि हप्ता मिळून पाच महिने निघतात, त्याहून कमी नको. १ लाख रेल्वेच्या पहिल्या टप्प्याला. उरलेले ३ लाख कर्जात भरा. ठेवीवर ७ टक्के मिळाले आणि २० टक्क्यांच्या टप्प्यातला कर गेला की हातात साडेपाच राहतात, आणि तुम्ही व्याज भरता साडेआठने. कर्ज बदलत्या व्याजदराचे असेल तर वैयक्तिक गृहकर्जाच्या मुदतपूर्व फेडीवर दंड लागत नाही. हप्ता तोच ठेवला तर तीन वर्षांचे कर्ज साधारण १७ महिन्यांत संपते.

त्यानंतर महिन्याला १९,००० मोकळे होतात. १३,००० निवृत्तीसाठीच्या एसआयपीत घाला. साठीपर्यंत साडेआठ लाखांच्या आसपास नुसते मुद्दल जमेल. ६,००० रेल्वेचे. वर्षाला ७२,००० म्हणजे दरवर्षी एक चांगले इंजिन किंवा काही डबे आणि दुरुस्ती, आणि निवृत्तीच्या दिवशी लेआउट पुरा, कर्ज शून्य. लेआउटला असाही वेळ लागतोच.

बदलापूरचा पाऊस विसरू नका. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या एमडीएफ फळ्या फुगतात, पाणी सोसणारे प्लायवूड घ्या. तळमजल्यावर राहत असाल तर घरातल्या सामानाचा विमा उतरवा आणि रेल्वेची किंमत त्यात वेगळी लिहा, पावत्या जपा. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली ती तुमच्याच भागात.

काही विकत घेण्याआधी एकदा पुण्याला जाऊन या. कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तिथे गाड्या चालताना बघा, टेप घेऊन जा, वळणे आणि फळीची उंची डोळ्यांखालून घाला. एचओ की लहान एन माप, हे तिथेच ठरवा, कारण नंतर माप बदलले तर रूळ, इंजिने, डबे सगळेच बदलावे लागतात.

आणि बँकेत ३ लाख भरताना लेखी अर्ज द्या, की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. अर्ज नसेल तर काही ठिकाणी हप्ताच कमी केला जातो.