मामा, मंमं आणि आवस

वेंगुर्ल्याहून एका वाचक बाईंनी विचारलं आहे : "माझ्या लेकीची लेक परदेशात वाढते. ती आईला 'मामा' म्हणते आणि इथं आली की माझ्या मुलालाही 'मामा'च म्हणते. जगभर आईच्या शब्दात 'म' असतो म्हणतात, मग आपला मामा पुरुष कसा? सगळ्या भाषा मुळात एकच होत्या असा याचा अर्थ घ्यायचा का? आणि आमच्या मालवणीतल्या 'आवस-बापूस'ला, म्हणजे आई-बापाच्या शब्दांना, मुंबईची माणसं हसतात. ते शब्द हलके आहेत का?"

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही. 'मामा-बाबा-पापा' या शब्दांवरून भाषांचं नातं सिद्ध होत नाही. भाषा शोधणाऱ्याने हे शब्द आधी बाजूलाच काढून ठेवावेत.

दूध पिणाऱ्या बाळाचं तोंड भरलेलं असतं, ओठ मिटलेले. तेव्हा आवाज निघायची वाट एकच, नाक. त्यातून 'म्म्म' असा हुंकार येतो. पुढे दूध समोर दिसलं तरी बाळ तसाच हुंकारतं, मग भूक लागली की, मग काहीही हवं असलं की. ज्या बाईकडून ते मिळतं तिला वाटतं, मला हाक मारली. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ च्या सुमारास हे मांडलं. त्याच्या हाताशी जॉर्ज मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञाने जगभरातून गोळा केलेले १०७२ शब्द होते, आईसाठीचे ५३१ आणि बापासाठीचे ५४१. आईच्या शब्दांपैकी ५५ टक्क्यांत म, न यांसारखे नाकातले वर्ण निघाले, बापाच्या शब्दांपैकी १५ टक्क्यांत.

आपल्या मराठीत तर हुंकारापासून आईपर्यंतच्या वाटेवरचा मधला टप्पा अजून वापरात आहे. 'बाळ, मंमं खायचं?' हे मंमं म्हणजे जेवण, आई नव्हे. लॅटिनमध्ये 'मम्मा' म्हणजे आईही आणि स्तनही. रोमन लेखक व्हारो सांगतो की पोरं खाण्याला 'पाप्पा' म्हणतात, आईला 'मम्मा' आणि बापाला 'ताता'. इटालियन बाळाचा मऊ घास आजही 'पाप्पा'च आहे. आपल्याकडे पापा म्हणजे गालाचा मुका, आणि अलीकडे बापही.

म्हणजे आवाज बाळाचा, अर्थ मोठ्यांचा. बाळ मामा, बाबा, दादा, नाना असं काहीबाही बडबडतं आणि घरातली माणसं ते आपापसात वाटून घेतात. वाटणी प्रत्येक मुलखात सारखी कशी होईल? जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई. जपानीत आई 'हाहा'. पण जपानीतला हा 'ह' जुन्या 'प'पासून आला आहे, म्हणजे एके काळी तिथली आई चक्क 'पापा' होती! एवढं लांब जायलाही नको. हाच किनारा धरून वेंगुर्ल्याहून गोवा, कारवार ओलांडत मंगळुरापर्यंत उतरलं की तुळू लागते. तिथे 'अप्पे' म्हणजे आई आणि 'अम्मे' म्हणजे बाप. शेजारच्या कन्नडात अम्मा आई आणि अप्पा बाप, तुळूत नेमकं उलट, आणि दोन्ही भाषा द्राविडीच.

आपल्या मामाचंही तसंच. आईच्या माहेरच्या माणसाच्या वाट्याला हा 'म' आला. तमिळ-कन्नडातही मामा पुरुषच आहे, तेव्हा तुमचा मुलगा एकटा नाही. 'नाना'ची फिरती त्याहून गमतीची. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात एक कवी म्हणतो, मी कवी, 'तत' वैद्य, 'नना' जात्यावर दळणारी. तत म्हणजे बाबा, नना म्हणजे आई. हिंदीत नाना आईचे वडील, तेलुगूत 'नान्न' बाप, आणि आपल्याकडे नाना कुणीही वडीलधारा गृहस्थ.

बाळभाषा बाळाची असते हाही एक गोड गैरसमज. भूभू, हम्मा, चिऊ-काऊ, बाऊ, भुर्र, जोजो हे शब्द कुठलंही बाळ स्वतः शोधत नाही, आजी शिकवते. १९६४ मध्ये चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने सहा भाषांतल्या बाळबोलीचा अभ्यास छापला, त्या सहांत मराठी होती. त्याच वर्षी आपल्या अशोक केळकरांचा मराठी बाळबोलीवर स्वतंत्र लेख आला. फर्ग्युसनचं म्हणणं असं की हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, मोठ्यांनी जपलेला साठा आहे. जोडाक्षरं सोडवायची, एकच अक्षर दोनदा म्हणायचं, हे बऱ्याच भाषांत सापडतं. शब्द मात्र ज्या-त्या भाषेचे.

वाटणी बदलते कशी, हे पाहायला कोकणातलं एखादं जुनं एकत्र घर पुरतं. तिथे पोरं बापाला 'दादा', 'भाऊ' किंवा 'अण्णा' म्हणतात, कारण धाकटे काका तसं म्हणतात. आईला 'वहिनी' म्हणणारी साठीतली माणसं आजही भेटतात. ओटीवर चार दीर 'वहिनी, चहा' म्हणून हाका मारत असताना पोराला दुसरा शब्द कुठून सुचणार? सख्ख्या आईला वहिनी म्हणण्यात तिथे कुणाला काही वावगं वाटत नाही. नवी सून मात्र पहिल्यांदा ऐकते तेव्हा गोंधळते.

भाषांचं खरं नातं बघायचं तर जे शब्द कुठलंही बाळ बडबडत नाही ते घ्यावेत. आपला 'दीर' संस्कृत 'देवर'पासून आला, त्याचाच भाऊबंद रशियन 'देव्हेर' आणि लॅटिन 'लेव्हिर', अर्थ तिन्हीकडे नवऱ्याचा भाऊ. सासरा म्हणजे 'श्वशुर', लॅटिनमध्ये 'सोकेर'. 'जाऊ' हा संस्कृत 'यातृ', त्याचीही भावंडं ग्रीक-लॅटिनमध्ये आहेत. हे साम्य ओठांच्या सोयीतून येत नाही, घराणं एकच असावं लागतं.

आता आवस-बापूस. त्यात हलकं काही नाही. शिव्यांमध्ये आवस पुष्कळदा येते म्हणून पाहुण्यांचे कान टवकारत असतील, पण शिव्यांत आई कुठल्या भाषेत येत नाही? मुद्दा एवढाच की हे सांगायचे शब्द आहेत, हाकेचे नव्हेत. 'तुझी आवस खंय गेली?' असं विचारतात, 'बापाशीक सांग' म्हणतात, पण उंबऱ्यातून 'गो आवस' अशी हाक कुणी मारत नाही, तिथे 'आये'च. हाकेचा शब्द वेगळा वागतो हे पाणिनीलाही दिसलं होतं. आई या अर्थाच्या शब्दांचा शेवटचा स्वर हाकेत आखूड होतो असं त्याचं सूत्र आहे : अम्बा, पण हाकेत 'हे अम्ब'. 'काशिका' या पाणिनीवरच्या जुन्या टीकेने याच सूत्राखाली 'हे अक्क' असंही उदाहरण दिलं आहे. तिथली अक्का आई आहे, आपल्याकडे ती थोरली बहीण झाली.

तेव्हा मुंबईच्या पाहुण्यांसमोर 'माजी आवस बाजारात गेली हा' असं बेलाशक म्हणा. नातीलाही शिकवा. दोन मामांच्या घोळात तिला हा एक शब्द तरी बिनघोर वापरता येईल.